बाळाकडे न बघणारी बायजा

बायजाला रीतभात नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे तिच्याबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे, आणि चांगलं बोलायला लागलं की माणसं खरं सांगायचं विसरतात. ती आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा माझा नातू सोळा दिवसांचा होता. जव्हारच्या बाजारपेठेत आमचं किराण्याचं दुकान, दुकानामागे घर, आणि त्या घरात तीस वर्षांनी पाळणा बांधलेला. जो येईल तो चपला काढायच्या आत पाळण्यापाशी. नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, रंग कोणावर गेलाय. आणि ही बाई, जिला बाळाला-बाळंतिणीला मालीश करून न्हाऊ घालायला मी मुद्दाम दाभोशाच्या बाजूने बोलावून घेतलेली, ती आली आणि पाळण्यावरून अशी सरळ पुढे गेली, की तिथे तांदळाचं पोतं ठेवलेलं असावं. आतल्या खोलीत सुनेच्या पलंगाशी जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "तू कशी हायस?"

सून म्हणाली, बरी आहे.

बायजाने पुन्हा विचारलं. सून पुन्हा बरी आहे म्हणाली. बायजाने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला राहवेना. मी म्हटलं, कानाने कमी ऐकू येतं का तुला, सांगतेय ना ती. बायजा माझ्याकडे मान न वळवताच म्हणाली, "शेठाणी, पहिला सांगतात तो घरातल्यांना ऐकू जाया." मी घरातली आणि ही बाहेरची, पहिल्याच दिवशी मला हे ऐकवणारी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या तरच नवल.

दिसायला काटक, काळी, वय तिचं तिलाही माहीत नव्हतं. माझ्याच आसपासची असेल, म्हणजे साठीला टेकलेली. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंबाड्यात नातेवाइकांच्या लग्नातली असावी अशी एक चमकीची लाल पिन. सकाळच्या पहिल्या जीपने यायची, मागच्या फळीवर बसून, आणि उतरली की आधी आमच्या मोरीत हात असे घासायची की साबण दर आठवड्याला नवा काढावा लागे. पदराच्या गाठीत काहीतरी असायचंच, दोन आवळे, मूठभर बोरं, एकदा नुसतीच मोहाची वाळलेली फुलं. ते सगळं सुनेच्या उशाशी. आम्हाला विचारणं नाही, देणं नाही.

चहाचं तर विचारू नका. मी आपली माणुसकीने आल्याआल्या कप पुढे करायची. ती तो हातात घ्यायची नाही. "हिनं खाल्ला का?" सुनेने खाल्लं असेल तर चहा, नसेल तर कप तिथेच निवत पडायचा आणि वर साय धरायची. मी दोनदा ओतून दिला. तिसऱ्या दिवसापासून सून खाईपर्यंत चहा टाकायचंच बंद केलं. म्हणजे माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, चहा कधी टाकायचा हे ती ठरवू लागली.

पण खरी वादावादी न्हाण्यावरून. आमच्याकडे आधी बाळाला न्हाऊ घालतात, पायांवर घेऊन, मग बाळंतिणीला. सगळीकडे असंच असतं. बायजा आधी आईला घ्यायची. टाके होते म्हणून पोटाला बोट लावायची नाही, नुसते पाय, पाठ आणि डोकं, पण त्यातच तास घालवायची. तोवर बाळाचं पाणी गार. मी म्हणायची, पाणी निवलं. ती म्हणायची, परत तापव. बाळ रडून घर डोक्यावर घ्यायचं. ती म्हणायची, "तो रडतो त्याचा काय. रडणाऱ्याकडं धावाया दहा जण हायेत." आणि पुन्हा सुनेचा पाय मांडीवर घ्यायची.

पायाचं तिचं एक शास्त्र होतं. जीभ शाळेत जाते, पाय जात नाहीत, असं काहीतरी ती म्हणे. बाळंतीण बरी असली की तळव्याला तेल लागताच पाय ओढून घेते, गुदगुल्या होतात म्हणून. नाहीतर शिव्या घालते, जोरात दाबलंस म्हणून. जिचा पाय ठेवला तसा राहतो तिची काळजी करायची. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, चला, आता ही डॉक्टरीण झाली.

आता सुनेबद्दल सांगायला हवं. स्नेहल शिक्षिका, मोखाडा तालुक्यात सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर शाळा. रोज शेअर जीपने जायची-यायची, सातव्या महिन्यापर्यंत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई लग्नाआधीच गेलेली. म्हणून मीच म्हटलं, इथेच करू. माझा मुलगा निलेश बोईसरला कंपनीत, शनिवारी येतो, रविवारी रात्री जातो. त्यामुळे सगळं माझ्यावर, आणि सगळं मी केलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेगडी, ओवा-शेपांची धुरी, कानाला बांधायला मऊ रुमाल. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, कोणाची नजर लागू नये म्हणून दार लोटलेलं. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, माझ्या सासूने मला ओलांडू दिला नव्हता. आईविना पोर, तिला काही उणं पडलं असं कोणी म्हणता कामा नये.

आणि पोर होतीही गुणी. हट्ट नाही, कुरकुर नाही. ताट दिलं की खायची, बाळ दिलं की पाजायची, घेतलं की देऊन टाकायची. रडली नाही एकदाही. मी शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगत होते, की आमची स्नेहल इतकी शांत, घरात बाळंतीण आहे हे कळतसुद्धा नाही. आज हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण तेव्हा मी खरोखर अभिमानाने सांगत होते, आणि काकूही हो हो म्हणत होत्या.

बायजा यायला लागून आठवडा झाला असेल. न्हाणं उरकून ती मोरीत हात धुवत होती आणि मी बाळाची दुपटी वाळत घालत होते. म्हणाली, "शेठाणी, ही पोर इथं नाय."

मी म्हटलं, इथे नाही तर कुठे आहे, पलंगावर झोपलीय ती. बायजा म्हणाली, अंग पलंगावर आहे. पाय मांडीवर घेतला की लाकडाचा ओंडका घेतल्यागत वाटतो.

मला वाटलं, आता ही म्हणणार भगताकडे न्या, कोंबडं कापा. म्हणून मी तिच्या आधीच सांगितलं, की दृष्ट मी रोज काढते, मीठ-मोहरी-मिरच्या सगळं चाललंय. बायजा हसली. ती फार क्वचित हसायची. म्हणाली, मिरच्या जाळून काय होतं, खोकला येतो. भगत नको न मिरच्या नकोत, दवाखान्यात ने. बघा म्हणजे, पाड्यावरची बाई मला बाजारपेठेतलीला दवाखान्यात जायला सांगत होती, आणि मी मिरच्यांवर होते.

मग तिने तिच्या बहिणीचं सांगितलं. एकदाच सांगितलं, तेही दुपट्याची पाण्याने जड झालेली टोकं पिळता पिळता. थोरली बहीण सूर्यमाळच्या बाजूला दिलेली. पाचवी पुजली, गोडाधोडाचं झालं, पोरगा गोरागोमटा. सगळे पोरगा बघायला येत होते. बहीण बोलेना, खाईना, तेव्हा भगत आणला. त्याने सांगितलं, बाहेरचं लागलंय. पंधरा दिवस अंगारे लावले. ऐन उन्हाळा, पाण्याला लांब जावं लागायचं. एक दिवस बहीण हंडा घेऊन गेली. हंडा विहिरीच्या काठावर सापडला. "मी आदल्या दिवशी गेली व्हती तिथं," बायजा म्हणाली. "मी पन पोराला घेऊन बसली."

एवढं ऐकून कोणीही शहाणी बाई हलली असती. मी हलले नाही. मी म्हटलं, अगं तुमच्याकडे दारिद्र्य, पाण्याचे हाल, तिथे असं होतं. इथे हिला काय कमी आहे? आम्ही नाही का बाळंत झालो? तेव्हा तिने दुपटं दोरीवर टाकलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुला कोनी पुसला व्हता का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. ती गेल्यावर मात्र मी बराच वेळ त्या दोरीखाली उभी होते. निलेशच्या वेळी दोन महिने मी कोठीच्या खोलीत तांदळाच्या कणगीमागे जाऊन रडायचे. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, ही थेरं आमच्या घरात चालणार नाहीत. ती थेरं मी बंद केली. मला कोणीही विचारलं नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हेही कोणी सांगितलं नव्हतं. पण हे त्या बायजाने ओळखावं, याचाच मला संताप आला होता.

त्यानंतर मी तिच्या चुकीची वाटच बघत होते म्हणा ना. अठ्ठाविसाव्या दिवशी ती सापडली. मी देवळात जाऊन आले तर मागच्या अंगणात, भर उन्हात, पाटावर स्नेहल बसलेली. डोकं उघडं, केस मोकळे, आणि बायजा तिला नागलीची भाकरी आणि लसणीची चटणी खायला घालतेय. माझे डिंकाचे लाडू डब्यात. पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या काकू बघतायत. सव्वा महिना व्हायला अजून दिवस होते. थंडीचे दिवस, माघातलं वारं, बाळंतवात झाला तर जन्माचं दुखणं. मी ओरडले. स्नेहल उठून आत गेली, तोंडातला घास तसाच. आणि मी बायजाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

तिने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. म्हणाली, "आज तिनं भाकर मागून घेतली. आपन व्हऊन." आणि गेली.

स्नेहलने महिनाभरात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलं होतं आणि मी त्यावर ओरडले होते, हे मला तेव्हा कळलं नाही. मला बाळंतवात दिसत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः न्हाऊ घालायला लागले. आधी बाळ, मग ती. रीतीप्रमाणे. तिच्या पायाला तेल लावताना मला बायजाची आठवण व्हायची आणि मी हात भराभर चालवायचे. शनिवारी निलेश आला, त्याने बाळाचे फोटो काढले, बायकोला विचारलं दूध पुरतं ना त्याला, आणि रविवारी गेला. मी निलेशला नावं ठेवत नाही, त्याला हे माझ्यापासूनच लागलंय.

पाचव्या दिवशी सकाळी मी हळदीचं दूध घेऊन तिच्या खोलीकडे चालले होते. आतून बोलण्याचा आवाज आला. मी दाराशी थांबले. खिडकी, जी मी महिनाभर बंद ठेवली होती, ती उघडी होती, आणि बाहेरच्या बोळात बायजा उभी होती. नंतर कळलं, ती रोज येत होती. पहिल्या जीपने यायची, बोळात उभं राहून खिडकीवर दोन बोटं मारायची, विचारायची, तू कशी हायस, उत्तर ऐकायची आणि पेठेतल्या दुसऱ्या घरच्या बाळंतिणीकडे निघून जायची. तिला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा स्नेहल म्हणाली, "मावशी, मला बाळाजवळ एकटीला ठेवू नका म्हणून आईंना सांगा ना. मला भीती वाटते."

बायजाने विचारलं, "कोनाची?"

"माझीच."

मी दाराशी होते. चार पावलांवर. माझ्या हातात दुधाचा पेला. महिनाभर मी त्या पोरीपासून दहा हातांवर झोपत होते, उठत होते, तिला भरवत होते, आणि मला सांगायला तिने बोळातल्या बाईला गाठलं होतं. मला रडू आलं, तेही रागानेच. मग मी मागच्या दाराने बोळात गेले आणि बायजाला म्हटलं, आत ये. मला वाटलं ती काहीतरी ऐकवेल. तिने एकही टोमणा मारला नाही. आत आली, मोरीत हात घासले, पाळण्यावरून सरळ पुढे गेली आणि पलंगाशी बसली. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी जव्हारातच एका डॉक्टरकडे नेलं. खूप गर्दी. आम्ही आत गेलो आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बाळ दूध ओढतंय ना? वजन वाढतंय ना? मी म्हटलं, बाळाला काही झालेलं नाही, हिला दाखवायला आणलंय. त्यांनी स्नेहलचे डोळे बघितले, रक्त कमी आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. पहिलं बाळंतपण आहे, थकवा येतोच. पुढचा पेशंट. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि कपाळाला हात लावला. तिथल्या एका नर्सबाईंनी मात्र आमचं बोलणं ऐकलं असावं. त्या मागून आल्या, स्नेहलच्या शेजारी बसल्या, दोन गोष्टी विचारल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हिला एकटं सोडू नका आणि उद्याच नाशिकला मनाच्या डॉक्टरांना दाखवा. उद्याच, पुढच्या आठवड्यात नाही.

घरी आल्यावर दुसरा तमाशा. आमचे हे म्हणाले, पेठेत कळलं तर लोक काय म्हणतील. निलेशचा फोन, की आई, तिला फक्त झोप हवीय. नणंदेचा फोन, की वेडाच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत आणि दुधातून बाळाला जातात. सगळ्यांना बाळाचं काय होईल ते विचारायचं होतं. शेवटी मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, दुकान तुम्ही बघा, मी बसने चालले.

मोखाड्यावरून, त्र्यंबकवरून, वळणं घेत बस नाशिकला. स्नेहल खिडकीशी, मधे बायजा, कडेला मी बाळाला घेऊन. नाशिकच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर बसवलं आणि स्नेहलशी एकटीशी बोलल्या. नंतर मला आत बोलावून सांगितलं, की बाळंतपणानंतर हा आजार पुष्कळ बायकांना होतो, बरा होतो, हिच्या गोळ्या अंगावर पाजताना चालणाऱ्या आहेत, पण मधेच बंद करायच्या नाहीत आणि बाळाची रात्रीची जबाबदारी घरच्यांनी वाटून घ्यायची. परत येताना मी स्नेहलला विचारलं, त्यांनी तुला आधी काय विचारलं गं? ती म्हणाली, तुम्ही कशा आहात, असं विचारलं. मी बायजाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिला बस लागली होती. एवढा घाट चढून-उतरून आम्ही जे ऐकून आलो, ते ही बाई आमच्या मोरीशेजारी रोज विचारत होती.

बरं व्हायला महिने गेले. चार दिवसांत कायापालट झाला असं मी लिहिणार नाही, कारण झाला नाही. गोळ्यांची पाकिटं मी मुद्दाम ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी ठेवली. ज्याला विचारायचं त्याने मला विचारावं. निलेशने सुट्टी काढली, उशिरा काढली पण काढली, आणि रात्रीचं बाळ तो घेऊ लागला. बायजा येतच राहिली. सव्वा महिना उलटून गेला तरी येत राहिली. गोळी डोक्याला, तेल पायाला, म्हणायची. मधे दोन दिवस चांगले जायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच ओंडका. मी चिडायची, की अगं एवढं करतोय, हिला बरं का वाटत नाही. बायजा म्हणायची, नागली पेरली का लगेच भाकर होत नाय.

चैत्रात एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते. आतून एकदम खिदळण्याचा आवाज आला. धावत गेले तर स्नेहलने पाय पोटाशी ओढून घेतलेला आणि बायजाचा तेलाचा हात तसाच हवेत. मावशी, गुदगुल्या होतात, असं स्नेहल म्हणत होती. बायजाने तो पाय पुन्हा ओढून घेतला, पुन्हा तळव्याला बोट लावलं, पुन्हा तिने सोडवून घेतला. असं चार-पाच वेळा. मग बायजा उठली आणि मला म्हणाली, च्या टाक.

त्यानंतर मी गावभर सांगत सुटले. ज्याच्या घरी पाळणा हलेल तिथे जाऊन सांगायची. काही बायकांनी ऐकलं, बऱ्याच जणींनी मागे म्हटलं, हिची सून वेडी झाली होती ना. पुढल्या वर्षी मोखाड्याला बायकांसाठी कार्यक्रम होता, बाळंतपणानंतरचं मन असा विषय. स्नेहल शाळेतून जाणारच होती, मी बायजालाही ओढून नेलं. मंडपात खुर्च्या, हार, पाहुण्यांची ओळख, मग दुसऱ्या पाहुण्यांची ओळख. मागे मोठा बॅनर. बायजा त्या बॅनरकडे बघत बसली होती. मला हळूच विचारलं, आई कुठंय? मी बघितलं. बॅनरवर हे एवढं मोठं गुटगुटीत बाळ होतं आणि त्याला धरलेले दोन हात. हातांच्या वर चेहरा नव्हता, कापला होता. भाषणं दोन तास चालली. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी बायजाला कोपराने ढोसलं, ऊठ, बोल. ती उठली नाही. म्हणाली, इथं कोनाचा पाय हाय का धराया? मी तिच्यावर चिडले, मंडपवाल्यांवरही चिडले.

आणि आता शेवटचं. गेल्या वर्षी जीपवाल्याकडून निरोप आला, की बायजाच्या धाकट्या लेकीला, मंगीला, जव्हारच्या दवाखान्यात आणलंय, बाळंत झाली. मंगी नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर असायची, पोट जड झाल्यावर आईकडे आलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लाडवांचा डबा घेतला, स्नेहलने मुलाला आजोबांपाशी ठेवलं, आणि आम्ही गेलो.

बायजा वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती. अंबाड्यात पिन नव्हती. तीन वर्षांत मी जे शिकले, गावभर जे सांगत फिरले, ते सगळं माझ्या डोक्यात होतं. आणि तिला बघितल्यावर माझ्या तोंडातून काय निघालं?

"काय झालं गं, मुलगा का मुलगी?"

बायजाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं, नुसतं बघितलं. म्हणाली, मुलगी. मग म्हणाली, "मंगी बोलत नाय माझ्याशी. मी तीनदा इचारला, दहांदा इचारला. बरी हाय म्हनते. माझ्या हातात पाय देत नाय, शेठाणी. आईला कोन सांगतं?"

एवढ्या लोकांच्या लेकींना तिने बोलतं केलं होतं आणि स्वतःची लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी डबा या हातातून त्या हातात घेतला. पाहिलं तर स्नेहल माझ्या शेजारी नव्हती.

ती आत गेली होती. बाळ पलंगाशेजारी एका म्हाताऱ्या नातेवाइकीच्या मांडीवर होतं, भोवती दोघी-तिघी वाकलेल्या. स्नेहल त्यांच्यावरून सरळ पुढे गेली. पलंगाच्या पायथ्याशी बसली, मंगीच्या अंगावरची गोधडी घोट्यापर्यंत सारली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. भट्टीवर भाजलेला, भेगाळलेला पाय. विचारलं, "तू कशी आहेस?"

आम्हाला दारातून उत्तर ऐकू आलं नाही. स्नेहलने पुन्हा विचारलं. मग तिने विचारणं थांबवलं आणि नुसताच पाय चोळत राहिली, टाचेपासून बोटांपर्यंत, बायजा चोळायची तसा. बायजा दारातून त्या पायाकडे बघत होती, आणि मी बायजाकडे. किती वेळ गेला कोणास ठाऊक, वॉर्डातली झाडणारी बाई दोनदा आम्हाला बाजूला सरकवून गेली. मग स्नेहलने तिसऱ्यांदा विचारलं. मंगीने तोंड भिंतीकडून वळवलं, स्नेहलचा हात धरला आणि मोठ्याने रडायला लागली. काहीतरी सांगत होती, रडत होती, पुन्हा सांगत होती. स्नेहल तिला थांबवत नव्हती.

"रडली," बायजा म्हणाली. "आता नेऊ हिला, त्या नाशिकच्या डाक्टर बाईकडं."

मी हो म्हटलं. बायजाने पदराने तोंड पुसलं, त्या नातेवाइकीपाशी गेली आणि दोन्ही हात पुढे केले. दोन दिवसांची झाली होती नात, आणि तिने तिला अजून पाहिलं नव्हतं.